शॅम्पूत सीडीईए घालावं की काढावं?

कोल्हापूरजवळच्या एका बचत गटात शॅम्पू आणि हँडवॉश बनवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या शॅम्पूच्या लेबलवर कोकामाइड डीईए असं लिहिलेलं असतं. एका गिऱ्हाइकाच्या कॉलेजातल्या मुलीने मोबाइलवर दाखवलं की याने कॅन्सर होतो, अमेरिकेत यावर बंदी आहे. आमचा केमिकलवाला म्हणतो, नारळाच्या तेलापासून बनतं, काही होत नाही. खरं कोणाचं? काढून टाकलं तर शॅम्पू पाण्यासारखा होतो. लहान मुलांसाठी वेगळा शॅम्पू काढायचाय, त्यात चालेल का? आणि अर्धा ड्रम शिल्लक आहे, त्याचं काय करू?"

ताई, निकाल आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या शॅम्पूने कोणाला कॅन्सर होईल असं मी म्हणणार नाही. तरीही पुढच्या बॅचपासून सीडीईए, म्हणजे हेच कोकामाइड डीईए, बंद करा असंच सांगेन. अमेरिकेत त्यावर बंदी नाही, म्हणजे मुलीने दाखवलेलं अर्धवट आहे. आणि केमिकलवाल्याचं नारळाचं बोलणं तर त्याहून अर्धवट.

कोकामाइड डीईए हे मेदाम्लाचं अमाइड. खोबरेल तेलातली मेदाम्लं घ्यायची (त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं) आणि ती डायइथेनॉलअमाइन, म्हणजे डीईए, बरोबर तापवायची. दोन्ही जुळली की पिवळसर, मधासारखं घट्ट लिक्विड मिळतं. म्हणजे नारळ फक्त एका बाजूला. दुसरी बाजू, डीईए, कारखान्यात अमोनिया आणि इथिलीन ऑक्साइडपासून बनते. आता 'अमाइड' म्हटलं की दचकायचं कारण नाही. आपल्या कातडीच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारी सेरामाइडं हीसुद्धा मेदाम्लांची अमाइडंच आहेत, आणि महागड्या क्रीममध्ये तीच घालून विकतात. कंडिशनरमधलं स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन त्याच गोतातलं. सीडीईएची अडचण त्याच्या अमाइडपणात नाही. बनवताना जे डीईए जुळायचं राहून जातं आणि ड्रममध्ये तसंच मोकळं उरतं, अडचण त्याची आहे.

हे मोकळं डीईए किती उरणार ते बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं. १९३७ मध्ये अमेरिकेत वुल्फ क्रिचेव्हस्की यांनी ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं तिच्यात मेदाम्लाच्या एका रेणूला डीईएचे दोन रेणू घालतात. त्यामुळे माल पाण्यात झटकन विरघळतो, पण त्यात पाव भागाच्या आसपास डीईए मोकळंच राहतं. नंतर आलेल्या पद्धतीत तेलाचं आधी मिथाइल एस्टर करतात आणि मग डीईएशी एकास एक जुळवतात. या मालात अमाइड नव्वद टक्क्यांच्या घरात जातं आणि मोकळं डीईए पाच टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येतं. बाजारात दोन्ही माल 'सीडीईए' याच नावाने विकले जातात. मस्जिद बंदरच्या वडगादीत किंवा तुमच्या गावच्या दुकानात कॅनमध्ये सुट्टा ओतून दिलेला माल यातला कोणता, हे बघून कळत नाही. तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

आता हे घालतात कशाला? आपल्याकडे केसांना तेल लावून दुसऱ्या दिवशी नहायचं. त्या तेलाने एसएलईएसचा, म्हणजे शॅम्पूतल्या फेस आणणाऱ्या मुख्य रसायनाचा, फेस मरतो: पहिल्या हाताला फेस येतच नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या शॅम्पूत दम नाही. सीडीईए फेसाच्या पापुद्र्यात शिरून तो टिकवतं, बुडबुडे बारीक आणि दाट करतं. शिवाय एसएलईएस आणि मीठ यांच्या जोडीला ते आलं की शॅम्पू चटकन दाट होतो, मीठ कमी लागतं. सुगंधाचं तेल विरघळवायलाही मदत करतं. दोन-तीन टक्क्यांत एवढी कामं, भावही परवडणारा आणि तापवायची गरज नाही, बादलीत ओतून ढवळलं की झालं. छोट्या उद्योगाला याहून सोयीचं काही नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रशिक्षण वर्गातल्या छापील फॉर्म्युल्यात ते अजून ठाण मांडून बसलंय.

कॅन्सरची गोष्ट कुठून आली तेही नीट बघू. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने खोबरेल मेदाम्लांच्या या डीईए संयुगाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. लहान उंदरांच्या आणि मोठ्या उंदरांच्या, म्हणजे रॅट्सच्या, कातडीवर हे संयुग अल्कोहोलमध्ये मिसळून आठवड्याचे पाच दिवस, दोन वर्षं लावलं. धुतलं नाही. लहान उंदरांत नर-मादी दोघांत यकृताच्या गाठी वाढल्या, नरांत मूत्रपिंडाच्याही. नर रॅट्समध्ये तसा पुरावा मिळाला नाही आणि माद्यांत निकाल संदिग्ध राहिला. ज्या मालावर हा प्रयोग झाला त्यात मोकळं डीईए सुमारे १८ टक्के होतं. त्याच कार्यक्रमात नुसत्या डीईएचा आणि लॉरिक व ओलेइक अ‍ॅसिडच्या संयुगांचाही अभ्यास झाला होता. सगळे शेजारी ठेवून पाहिलं की गाठींचं प्रमाण मोकळ्या डीईएच्या प्रमाणाशी जुळत जातं. डीईए पेशींना कोलीन नावाचं आवश्यक द्रव्य घेऊ देत नाही आणि उंदरांचं यकृत या टंचाईला फार नाजूक असतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मात्रेचा हिशोब घरी करून बघा. त्या प्रयोगातली लहान उंदरांची सर्वांत कमी मात्रा वजनाच्या दर किलोला १०० मिलिग्रॅम होती. साठ किलोच्या माणसाला तोच हिशोब लावला तर रोज सहा ग्रॅम निव्वळ सीडीईए अंगाला चोळून तसंच ठेवायचं. तीन टक्क्यांच्या शॅम्पूचे दहा मिली घेतले तर त्यात ते भरतं ०.३ ग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा, आणि तोही मिनिटभरात न्हाणीच्या मोरीतून जातो. त्यात माणसाची कातडी उंदराच्या कातडीपेक्षा पुष्कळ कमी झिरपू देते. म्हणून म्हटलं की आठवड्यातून दोनदा डोक्यावरून नहाणाऱ्या बाईने घाबरायचं काही नाही.

या उंदरांच्या अभ्यासावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑनमधल्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, सीडीईएला आणि डीईएला '२बी' गटात टाकलं. म्हणजे 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे'. प्राण्यांतला पुरावा पुरेसा, माणसांतला हाती नाही, असा त्याचा अर्थ. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे कोरफड शॅम्पूवाल्यांनी वाचून ठेवायला हरकत नाही. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, किती मात्रेने किती धोका आहे ते सांगत नाहीत. लोक नेमकं दुसरं वाचतात. मग जून २०१२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आपल्या 'प्रपोझिशन ६५' यादीत कोकामाइड डीईए घातलं. त्या यादीत आलेली वस्तू वापरायला मनाई नसते. ठरलेल्या पातळीच्या वर संपर्क होत असेल तर तशी सूचना छापावी लागते. ती न छापल्याबद्दल पुढच्या वर्षी तिथे खटले झाले आणि अनेक कंपन्यांनी इशारा छापण्यापेक्षा फॉर्म्युला बदलणं पसंत केलं. 'अमेरिकेत बंदी' या बातमीचा उगम हा असा.

मला स्वतःला उंदरांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ती क्वचितच असते. मोकळं डीईए हे सेकंडरी अमाइन आहे. त्याला नायट्राइट भेटलं की नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन तयार होतं. हे नायट्रोसअमाइन प्राण्यांत कर्करोगकारक आहे यात वाद नाही, आणि ते मिलिग्रॅममध्ये नव्हे, मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं. १९७७ मध्ये अमेरिकेत बाजारातल्या क्रीम, लोशन आणि शॅम्पूंमध्ये ते सापडलं आणि १९७९ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, उद्योगाला ते काढून टाका म्हणून जाहीर नोटीस काढली. आता तुम्ही म्हणाल, आम्ही शॅम्पूत नायट्राइट कशाला घालू? घालत नाही, ते येतं. ब्रोनोपॉल हा प्रिझर्व्हेटिव्ह स्वस्त असतो, चिमूटभर पुरतो, आणि काही तयार मिश्र प्रिझर्व्हेटिव्हमध्येही असतो. उष्णतेने आणि पीएच चढला की तो फुटतो आणि नायट्राइट सोडतो. सीडीईए, ब्रोनोपॉल आणि एप्रिल-मेतली पत्र्याची शेड ही तिन्ही एकत्र आली की नको ते घडायला जागा मिळते. हातातल्या बाटल्यांची लेबलं आज काढून बघा. दोन्ही नावं एकाच लेबलवर असतील तर बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी ब्रोनोपॉल बदला.

युरोपचा नियम याच दोन गोष्टींवर बोट ठेवतो. तिथे सौंदर्यप्रसाधनांत नुसतं डीईए घालायला मनाई आहे, पण त्याची मेदाम्ल अमाइडं चालतात, अटींवर. कच्च्या मालात सेकंडरी अमाइन पाच टक्क्यांपर्यंत आणि तयार मालात अर्ध्या टक्क्यापर्यंतच. नायट्रोसअमाइन किलोला ५० मायक्रोग्रॅमच्या वर नको. नायट्राइट देणाऱ्या पदार्थांबरोबर वापरायचं नाही, आणि साठवणीची भांडीही नायट्राइट नसलेली हवीत. या शेवटच्या अटीला आपल्याकडे कोणी विचारत नाही, पण गंजू नये म्हणून आतून नायट्राइटचा हात दिलेले लोखंडी ड्रम असू शकतात, म्हणून ती आहे. अमेरिकेत कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू नावाचं तज्ज्ञ मंडळ आहे. त्याचा खर्च उद्योग उचलतो हे लक्षात ठेवूनच त्याचं वाचावं. त्यांनीही हेच सांगितलंय: त्वचेला चुरचुरणार नाही असा फॉर्म्युला असेल आणि त्यात नायट्रोसअमाइन तयार होण्याची सोय नसेल तर ही अमाइडं सुरक्षित. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रुल्स, २०२० लागू आहेत. घटकांच्या बाबतीत भारतीय मानक आयएस ४७०७ च्या याद्या धरतात आणि शॅम्पू बनवून विकायला राज्याच्या एफडीएचा परवाना लागतो. बचत गट आहे म्हणून सूट नाही, हे जाता जाता सांगते, कारण अनेकींना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता तुमच्या ड्रमचा हिशोब. शंभर किलो शॅम्पूत तीन किलो सीडीईए घातलं आणि त्यात मोकळं डीईए पाच टक्के असेल, तर शॅम्पूत दीडशे ग्रॅम डीईए गेलं, म्हणजे ०.१५ टक्के. युरोपच्या हद्दीत आरामात. तोच माल जुन्या पद्धतीचा, पंचवीस टक्क्यांचा निघाला तर ७५० ग्रॅम गेलं, म्हणजे ०.७५ टक्के. हद्दीबाहेर. फॉर्म्युला तोच, लेबल तेच, नावसुद्धा तेच.

यातला कोणता माल ते ओळखायला दुकानदाराकडून त्या बॅचचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट मागा. त्यावर 'अमाइन व्हॅल्यू' असा आकडा असतो. निव्वळ डीईएची अमाइन व्हॅल्यू ५३४ च्या आसपास येते, म्हणून सर्टिफिकेटवरच्या आकड्याला ०.१८७ ने गुणलं की मोकळं डीईए किती टक्के ते अंदाजे निघतं. थोडं जास्तच निघतं, कारण अर्धवट जुळलेली अमाइनंही त्यात मोजली जातात, पण आपल्याला जास्तीच्या बाजूचा अंदाजच हवा. सर्टिफिकेट नसेल, किंवा तीन वर्षं जुनी एकच झेरॉक्स सगळ्यांना वाटत असतील, तर जवळच्या सायन्स कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडमना गाठा. पाच ग्रॅम सीडीईए पन्नास मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचे तीन-चार थेंब टाकायचे, रंग निळा येतो. मग ब्युरेटमधून अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड थेंब थेंब सोडत रंग पिवळ्याकडे वळेपर्यंत जायचं. पाच मिली अ‍ॅसिड लागलं तर अमाइन व्हॅल्यू २८, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासचा माल. पंचवीस मिली गेलं तर १४०, म्हणजे मोकळं डीईए सव्वीस टक्के. बी.एस्सी.च्या मुलींना हे तासाभरात करता येतं, आणि त्यांनाही खऱ्या मालावर काम केल्याचा आनंद होतो.

प्रयोगशाळेपर्यंत जायच्या आधीही एक खूण मिळते. डीईए अल्कधर्मी असल्यामुळे ते शॅम्पूचा पीएच वर ढकलतं. नेहमीच्या फॉर्म्युल्यात पीएच साडेपाचवर आणायला जेवढं सायट्रिक अ‍ॅसिड लागायचं त्यापेक्षा नव्या कॅनच्या वेळी भरपूर जास्त लागलं, तर मालाची जात बदलली असं समजा. सातारा-सांगलीकडच्या छोट्या उत्पादकांच्या वहीत मी नेहमी सायट्रिकचा रकाना आधी बघते. तिथे ६० ग्रॅमवरून एकदम दीडशेवर उडी दिसली की पुढचं काही विचारावं लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, सायट्रिक घातलं म्हणजे डीईए नाहीसं होत नाही, त्याचा क्षार होऊन ते शॅम्पूतच राहतं. आणि पीएच खाली आणलाच नाही तर सोडियम बेंझोएटसारखा प्रिझर्व्हेटिव्ह चालत नाही आणि पावसाळ्यात बाटलीला वास मारतो.

कातडीचं वेगळं बोलायला हवं, कारण कॅन्सरच्या गोंगाटात ते बुडून जातं आणि त्रास मात्र रोज होत असतो. कोकामाइड डीईएची संपर्काने होणारी अ‍ॅलर्जी नोंदवलेली आहे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टमध्ये व्हॅसलीनमध्ये अर्धा टक्का मिसळून ते तपासतात. अशी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला होत नाही, हात सतत त्यात असतात त्यांना होते: भांड्याचं लिक्विड वापरणाऱ्या मावश्या, पार्लरमध्ये दिवसभर डोकी धुणाऱ्या मुली, आणि भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या कूलंटमध्ये हात घालणारे कामगार, कारण कूलंटमध्येही हीच अमाइडं असतात. शॅम्पू एका मिनिटात धुतला जातो हा जो हिशोब मी वर मांडला, तो पार्लरमधल्या मुलीला लागू पडत नाही. आणि ताई, तुम्हालाही पडत नाही. कॅनमधलं निव्वळ सीडीईए मोजताना, ड्रममध्ये हात घालून गाठी फोडताना तुमच्या गटातल्या बायका उघड्या हातांनी काम करतात हे मी न बघताच सांगू शकते. बोटांच्या बेचक्यात खाज, भेगा, नखांच्या कडेला सोललेली कातडी असेल तर 'पाण्यात काम केल्याने होतं' म्हणून सोडू नका. नायट्राइलचे ग्लोव्हज आणा. भांड्याचे रबरी चालतील, पण आतून ओले झाले की बदलायचे.

काढून काय घालायचं, हा तुमचा खरा पोटापाण्याचा प्रश्न. दोन रस्ते आहेत. पहिला, कोकामाइड एमईए. हे सीडीईएचंच चुलत भावंड, पण मोनोइथेनॉलअमाइनपासून बनलेलं. ते प्रायमरी अमाइन असल्याने त्यापासून टिकाऊ नायट्रोसअमाइन बनत नाही. मेणासारखे पांढरट फ्लेक्स येतात, थंड पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लोक वैतागून सोडून देतात. त्याची युक्ती अशी की सीएपीबीमध्ये, म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन या फेस आणणाऱ्या लिक्विडमध्ये, फ्लेक्स टाकून पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, पूर्ण पारदर्शक झालं की मग एसएलईएसच्या पाण्यात मिसळायचं. शंभर किलोला एक ते दीड किलो पुरतं. जास्त घातलं तर थंडीत शॅम्पू गढूळ होतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात नवीन काही विकत आणावं लागत नाही: सीएपीबी वाढवा. तुमच्याकडे बहुतेक ते तीन-चार टक्केच जात असणार, महाग पडतं म्हणून. दहा किलोचा प्रयोग करून बघा. सत्तर टक्क्यांची एसएलईएस पेस्ट दीड किलो, तीस टक्क्यांचं सीएपीबी एक किलो, बाकी पाणी. पेस्ट पाण्यात थोडी थोडी सोडायची, पेस्टवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर जेलीचे गोळे होतात आणि दिवसभर विरघळत नाहीत. मग सायट्रिकच्या द्रावणाने पीएच पाच ते साडेपाचवर आणा. हे आधी करायचं, मीठ त्यानंतर, कारण या पीएचला सीएपीबी दाटपणा जास्त देतं. आता मीठ: शंभर ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून घाला, ढवळा, थांबा, बघा. पुढे वीस-वीस ग्रॅमने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा. एका ठिकाणी शॅम्पू चांगला दाट होतो आणि त्यापुढे मीठ घातलं की पुन्हा पातळ व्हायला लागतो. तो शिखराचा आकडा सापडला की त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. सीडीईए काढलं आणि शॅम्पू पाण्यासारखा झाला असं तुम्ही म्हणता तेव्हा बहुधा मीठ तेवढंच ठेवलं गेलं आणि सीएपीबीही तेवढंच राहिलं. नगर-सोलापूरकडे बोअरच्या पाण्यातच इतके क्षार असतात की मिठाचा आकडा दर विहिरीगणिक बदलतो. आरओचं पाणी घ्या म्हणजे दर बॅचला नव्याने शोधत बसावं लागणार नाही.

फेस मात्र थोडा वेगळा वाटेल. सीडीईएचा फेस दाट, साईसारखा असतो, सीएपीबीचा मोकळा आणि लवकर उठणारा. तेल लावलेल्या केसांवर फरक कळतो. गिऱ्हाईक कुरकुर करतंय असं वाटलं तर एमईए अर्धा-पाऊण टक्का घालून दोन्ही रस्ते एकत्र करा. सीएपीबीचीही काहींना अ‍ॅलर्जी होते, ती बनवताना उरलेल्या अमाइनांमुळे, म्हणून तिथेही सर्टिफिकेट बघून चांगल्या उत्पादकाचाच माल घ्या. शून्य धोक्याचा सर्फॅक्टंट, म्हणजे फेस आणणारा, मळ काढणारा पदार्थ, मी तरी अजून पाहिलेला नाही.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही बॉडी लोशन किंवा केसांची जेल बनवत असाल आणि कार्बोपॉल (जेल जमवणारी पावडर) दाट करायला टीईए, म्हणजे ट्रायइथेनॉलअमाइन, घालत असाल, तर त्याची ग्रेड विचारा. 'टीईए ८५' नावाने मिळणाऱ्या मालात पंधरा टक्क्यांपर्यंत डीईए असू शकतं. लेबलवर अभिमानाने 'डीईए-फ्री' छापलेलं असतं आणि ते टीईएच्या वाटेने आत आलेलं असतं. शॅम्पू निदान धुतला जातो, लोशन दिवसभर अंगावर राहतं. तिथे ९९ टक्क्यांचंच टीईए घ्यायचं, किंवा सरळ सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने कार्बोपॉल जमवायचं.

लहान मुलांच्या शॅम्पूत सीडीईए घालू नका, यात मला दुसरं मत नाही. मोठ्यांच्या शॅम्पूत जे नुकसान-फायद्याचं गणित मांडता येतं ते इथे मांडायचं कारणच नाही, कारण बाळाच्या केसांना इतका फेस लागतच नाही. सर्फॅक्टंट एकूणच कमी ठेवा, कोको ग्लुकोसाइड आणि सीएपीबीची जोडी घ्या, दाटपणासाठी पीईजी-१२० मिथाइल ग्लुकोज डायओलिएट वापरा. ते डोळ्यांची चुरचुरही कमी करतं, म्हणून बाळांच्या शॅम्पूंत ते नेहमी दिसतं. सुगंध अगदी नावापुरता. पण त्याआधी एक विचारते: जंतूंची तपासणी आणि डोळ्यांच्या चुरचुरीची चाचणी मान्यताप्राप्त लॅबकडून करून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर बाळांच्या मालात एवढ्यात उतरू नका. मोठ्यांचा शॅम्पू नीट बसवा, पैसे त्यातही आहेत.

उरलेल्या ड्रमचं असं करा. अमाइन व्हॅल्यू तीसच्या आत आली तर हँडवॉशमध्ये दोन टक्क्यांनी वापरून संपवा, ब्रोनोपॉल नसलेल्या प्रिझर्व्हेटिव्हबरोबर. शंभराच्या वर आली तर अंगाला लागणाऱ्या कशातच नको. दुकानदाराला परत द्या, सर्टिफिकेटशी जुळत नाही म्हणून तुमचा हक्कच आहे तो. तो घेत नसेल तर फरशी धुण्याच्या लिक्विडमध्ये जिरवा, हातात ग्लोव्हज घालून. गटारीत किंवा शेताच्या पाटात ओतू नका, माशांना आणि बेडकांना हा फेस मानवत नाही.

नव्या फॉर्म्युल्याची पहिली बॅच पाच-दहा किलोचीच काढा. दोन बाटल्या फ्रिजमध्ये, दोन सावलीत आणि दोन पत्र्याखाली ठेवा. दर पंधरवड्याला पीएच, दाटपणा आणि वास वहीत टिपा. तीन महिने तिन्ही ठिकाणच्या बाटल्या सारख्या राहिल्या की मग लेबल नवीन छापा. एक टक्क्याच्या वर असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि सीएपीबी वाढवल्यामुळे क्रम बदललेला असू शकतो, तो तपासूनच छापखान्यात द्या.